डॉ. पांडुरंग खानखोजे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारात पाऊल टाकले, की रस्त्याच्या दुतर्फा केशरी आणि पिवळ्या फुलांचे ढीग दिसू लागतात. झेंडूवाचून आपल्याकडे दसऱ्याचे तोरण बांधले जात नाही. हे फूल इतके आपले झाले आहे, की ते परदेशातून आले असे कोणी सांगितल्यास आपला विश्वासही बसणार नाही. परंतु झेंडूचे माहेर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, मेक्सिको देशात आहे. सोळाव्या शतकानंतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून तो जगभर पसरला. मेक्सिकोतील लोक नोव्हेंबरच्या आरंभी आपल्या मृत आप्तांचे स्मरण करतात. त्या वेळी तेथील घराघरांत झेंडूच्याच पाकळ्या अंथरल्या जातात.

झेंडूप्रमाणेच बागेत सायंकाळी दरवळणारा निशिगंध, थंडीत फुलणारा डेलिया, आपल्या जेवणातील मिरची आणि आपल्या शेतातील मका ही सारी मूळची मेक्सिकोचीच. मात्र ती निसर्गाने आजच्या रूपात माणसाच्या हाती दिली, असे समजू नका. डेलियाचेच उदाहरण घ्या. त्याचे कंद जमिनीत जगून राहतात आणि त्यांतून पुन्हा कोंब फुटतात. रानातल्या मूळ डेलियाला पाकळ्यांची एकच रांग होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे बी स्पेनमधील माद्रिद शहरी गेले. तेथील आणि पुढे इतर देशांतील माळी त्याच्या मागे लागले. एखाद्या रोपास चार पाकळ्या अधिक आल्या, की ते त्याचेच बी जपून ठेवीत आणि पुढल्या वर्षी पेरीत. दोन वेगळ्या रंगांच्या फुलांचा संकर करीत आणि जे नवे उगवेल त्यातील उत्तम तेवढे राखून बाकीचे टाकून देत. अशा निवडीतून पाकळ्यांनी भरगच्च भरलेला, शेकडो रंगरूपांचा आजचा डेलिया जन्मास आला. निवड, संकर आणि प्रतीक्षा या तीन गोष्टींवर नवे वाण निर्माण करण्याची सारी विद्या उभी आहे. मग ते बागेतील फूल असो की शेतातील धान्य.

ज्या देशाकडून आपण इतके घेतले, त्या देशात जाऊन हीच विद्या तेथील गोरगरीब शेतकऱ्यांसाठी वापरणारा एक मराठी माणूस होऊन गेला. त्याने आयुष्याचा पूर्वार्ध हाती शस्त्र घेऊन मायभूमीच्या मुक्तीसाठी वेचला आणि उत्तरार्ध हाती कणीस घेऊन परक्या भूमीच्या सेवेत घालविला. त्याचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

पांडुरंगाचा जन्म १८८४ च्या सुमारास विदर्भात वर्धा येथे झाला. त्याचे आरंभीचे शिक्षण वर्ध्यास झाले आणि पुढील शिक्षणासाठी तो नागपुरास गेला. तो काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. त्यातून लोक सावरतात न सावरतात, तोच १८९९-१९०० सालचा, जाणती माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, तो येऊन आदळला. ज्या वयात मुलाने पोटभर खावे आणि मैदानात खेळावे, त्या वयात पांडुरंगाच्या पिढीने उपाशी माणसांचे तांडे पाहिले. जमीन आपली, घाम आपला आणि पोट मात्र रिकामे, हे कोडे त्या पिढीतील प्रत्येक विचारी मुलाला पडत होते.

या कोड्याचे उत्तर त्या वेळच्या तरुणांना लोकमान्य टिळकांच्या शिकवणुकीत सापडे. देश परतंत्र आहे, हेच साऱ्या दुःखाचे मूळ आहे, असे त्यांना वाटू लागले. पांडुरंगही त्याच विचाराने भारला गेला. फ्रान्समधील राज्यक्रांती आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध यांचे इतिहास त्याने आवडीने वाचले. बरोबरीच्या विद्यार्थ्यांना जमवून तो देशाच्या स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलू लागला. साहजिकच इंग्रज सरकारची वक्रदृष्टी त्याच्याकडे वळली. युद्धशास्त्र शिकल्यावाचून स्वातंत्र्य मिळणार नाही आणि ते शास्त्र स्वदेशात राहून शिकता येणार नाही, हे ओळखून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने घर सोडले. जाण्यापूर्वी त्याने लोकमान्यांची भेट घेतली आणि त्यांचा सल्ला शिरोधार्य मानून जपानची वाट धरली.

जपानमध्ये काही काळ राहून तो पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेस गेला. तेथे त्याने दोन विद्यांचा अभ्यास केला, आणि त्या वरवर पाहता परस्परांच्या अगदी विरुद्ध होत्या. एक युद्धाची विद्या आणि दुसरी शेतीची. कॅलिफोर्नियातील माउंट तामालपैस या सैनिकी शाळेत त्याने कवायत आणि लष्करी शिस्त आत्मसात केली. त्याचबरोबर पश्चिम किनाऱ्याकडील राज्यांत राहून शेतकीचे उच्च शिक्षणही घेतले. एक विद्या जीव घेण्याची, दुसरी जीव जगविण्याची. परंतु ज्याने उपासमार पाहिली होती, त्याला या दोहोंत विरोध दिसला नसावा. देश स्वतंत्र करावयाचा तो कशासाठी? तेथील माणसाने ताठ मानेने आणि भरल्या पोटी जगावे म्हणूनच ना?

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबातून गेलेले अनेक हिंदी मजूर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबत असत. त्यांच्यात आणि विद्यार्थ्यांत देशभक्तीची ज्योत पेटली आणि १९१३ साली गदर पक्षाची स्थापना झाली. बाबा सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ हे त्या पक्षाचे अग्रणी होते. खानखोजे हेही त्याच्या संस्थापकांपैकी एक. लष्करी शिक्षण मिळालेले असल्यामुळे सशस्त्र उठावाच्या तयारीत त्यांनी पुढाकार घेतला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रज युद्धात गुंतलेला असताना हिंदुस्थानच्या सीमेवरून त्याच्यावर चाल करावी, असा क्रांतिकारकांचा बेत होता. त्यासाठी खानखोजे तुर्कस्तानातील कॉन्स्टॅन्टिनोपल येथे आले आणि तेथून इराणात उतरले. उजाड वाळवंट, तहान, परके लोक आणि पाठीवर शत्रू अशा स्थितीत त्यांनी इंग्रजी फौजांशी झुंज दिली. ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. परंतु युद्ध संपले, तेव्हा इंग्रजांचा विजय झाला होता आणि क्रांतिकारकांचे सारे बेत धुळीस मिळाले होते. त्यानंतर खानखोजे युरोपात बर्लिनला आणि १९२१ साली रशियात मॉस्कोला गेले. कोठून तरी साहाय्य मिळेल, ही आशा मावळत चालली होती. स्वदेशी परतावे, तर तेथे तुरुंग वाट पाहत होता. वय चाळिशीकडे झुकलेले. हाती ना घर, ना देश.

मुलांनो, अशा प्रसंगी पुष्कळ माणसे मोडून पडतात. आयुष्यभर ज्या ध्येयाचा ध्यास घेतला, ते दृष्टीआड झाले की हातपाय गळतात. खानखोजे यांच्यापाशी मात्र दुसरी विद्या शिल्लक होती. १९२४ साली ते मेक्सिकोत आले आणि त्यांनी त्या विद्येचे पुस्तक पुन्हा उघडले.

मेक्सिकोत त्या वेळी एक मोठी क्रांती नुकतीच होऊन गेली होती. तेथील बहुतेक जमीन मूठभर जहागीरदारांच्या ताब्यात होती आणि तिच्यावर राबणारे शेतकरी पिढ्यान्पिढ्या कर्जात बुडालेले होते. १९१० साली त्या शेतकऱ्यांनी उठाव केला. दहा वर्षांच्या रक्तपातानंतर जमिनी वाटण्याचे काम सुरू झाले. परंतु जमीन मिळाली म्हणजे धान्य पिकतेच असे नाही. हाती बियाणे निकृष्ट, शेतीचे ज्ञान तुटपुंजे आणि निसर्ग लहरी. स्वातंत्र्य आले, तरी भाकरी आली नव्हती. खानखोजे यांनी बालपणी मध्य प्रांतात जे पाहिले होते, तेच त्यांना येथे वेगळ्या वेषात आणि वेगळ्या भाषेत दिसले.

मेक्सिको शहराजवळ टेक्सकोको नावाचे गाव आहे. त्याच्या शेजारी चापिंगो येथे एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात सरकारने राष्ट्रीय कृषिविद्यालय नेले होते. जेथे पूर्वी धनिकांचे राज्य चाले, तेथे आता शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण मिळू लागले. याच विद्यालयात खानखोजे वनस्पतिशास्त्राचे आणि पीकसुधारणेचे अध्यापक झाले. त्यांनी स्पॅनिश भाषा अवगत केली आणि शेतात काम सुरू केले.

चापिंगोचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २,२५० मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तेही १,६४६ मीटर भरते. म्हणजे आपल्या सर्वोच्च शिखराहूनही सहाशे मीटर उंचीवर तेथील शेतकरी नांगर धरतो. अशा ठिकाणी पाऊस चार-पाच महिनेच पडतो आणि तोही भरवशाचा नसतो. शिवाय थंडी पडली, की एका रात्रीत दव गोठते आणि उभे पीक करपून जाते. मग जे पीक लवकर तयार होईल, थोड्या पाण्यावर तगेल आणि थंडीचा मारा सोसेल, तेच शेतकऱ्याला तारणार. मेक्सिकोच्या शेतकऱ्याचे मुख्य अन्न मका. आपल्याकडे जशी ज्वारीची भाकरी, तशी तिकडे मक्याची पातळ भाकरी. म्हणून खानखोजे यांनी मुख्यतः मका हाती घेतला. त्याशिवाय गहू आणि कडधान्ये यांवरही संशोधन केले.

मक्याचे नवे वाण कसे तयार करतात, ते आता पाहू. मक्याच्या ताटाच्या शेंड्यावर तुरा येतो. ते त्याचे नर फूल. खाली पानांच्या बगलेत कणीस धरते आणि त्याच्या टोकातून रेशमासारखे केस बाहेर येतात. तो मादी फुलांचा भाग. तुऱ्यातून लक्षावधी परागकण वाऱ्यावर उडतात आणि त्यांतील काही या केसांवर येऊन बसतात. कणसाचा प्रत्येक केस आत एकेका दाण्याच्या जागेपर्यंत पोचलेला असतो. ज्या केसावर पराग पडला, त्याचा दाणा भरतो. ज्याच्यावर पडला नाही, त्याची जागा रिकामी राहते. कणीस सोलताना मधूनमधून दाणे नसलेल्या जागा तुम्ही पाहिल्या असतील. त्या प्रत्येक जागेपाशी पराग न मिळालेला एकेक केस होता.

वारा कोणत्या ताटाचा पराग कोणत्या कणसावर नेऊन टाकील, याचा नेम नसतो. म्हणून नवे वाण घडविणारा मनुष्य वाऱ्याच्या हातून हे काम काढून घेतो. केस बाहेर पडण्यापूर्वीच तो कणसावर कागदाची पिशवी चढवितो. ज्या ताटाचा पराग हवा, त्याच्या तुऱ्यावरही पिशवी बांधतो. केस पुरेसे वाढले, म्हणजे तुऱ्याच्या पिशवीत जमलेली पिवळी भुकटी अलगद त्या केसांवर शिंपडतो आणि पिशवी पुन्हा बांधून तीवर आई कोण, बाप कोण आणि तारीख कोणती, हे लिहून ठेवतो. एका ताटाचे दाणे टपोरे असतात पण ते थंडीत टिकत नाही; दुसरे थंडीत टिकते पण त्याचे कणीस खुरटे असते. या दोहोंचा संकर केला, तर दोघांचे गुण एकत्र येण्याची आशा असते.

आशा असते, एवढेच. कारण संकराची पहिली पिढी बहुधा एकसारखी दिसली, तरी तिचे बी पेरले, की दुसऱ्या पिढीत सारे रहस्य बाहेर पडते. एकाच कणसाच्या दाण्यांतून उंच, बुटकी, हळवी, गरवी अशी नाना प्रकारची रोपे उगवतात. त्यांतून मनासारखी थोडी निवडायची आणि बाकीची सोडून द्यायची. निवडलेल्यांचे बी पुन्हा पेरायचे, पुन्हा निवडायचे. असे सात-आठ पिढ्या केल्यावाचून वाण स्थिर होत नाही. चापिंगोच्या पठारावर वर्षास मक्याची एकच पिढी घेता येते. म्हणजे आज धरलेल्या संकराचे खरे फळ आठ वर्षांनी. मधल्या एखाद्या वर्षी एका रात्रीच्या थंडीने सारे शेत गेले, तर पुन्हा आरंभापासून श्रीगणेशा करावयाचा. रणांगणावरील शौर्य एका दिवसात दिसते. शेतातील हे शौर्य दिसायला वर्षे लागतात, आणि ते पाहायला बहुधा कोणी जवळ नसते.

खानखोजे यांच्या प्रयोगांतील एक प्रयोग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेक्सिकोत तेओसिंते नावाचे एक रानटी गवत उगवते. ते मक्याचे भाऊबंद. त्याच्याच एका प्रकारापासून सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या प्राचीन शेतकऱ्यांनी निवड करीत करीत मका निर्माण केला. त्या गवताच्या कणसात दहा-बारा दाणेच असतात आणि तेही दगडासारख्या कठीण कवचात. परंतु ते माणसाच्या मदतीवाचून जगते, त्याला पुष्कळ फुटवे फुटतात आणि एकेका झाडावर अनेक कणसे लागतात. त्याचे काही प्रकार तर बागेतील निशिगंधाप्रमाणे जमिनीतील मुळांतून वर्षानुवर्षे पुन्हा उगवतात. खानखोजे यांनी या रानटी गवताचा आणि मक्याचा संकर घडवून आणला. त्या नव्या वाणाला तेओ-मका असे नाव मिळाले. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे दोन भाऊबंद एका वर्धेकर माणसाने चापिंगोच्या शेतात पुन्हा एकत्र आणले.

ग्रानादा नावाच्या मक्यावरही त्यांनी संशोधन केले. ग्रानादा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ डाळिंब. या मक्याची उत्पत्ती, विकास आणि लागवड यांवर त्यांनी १९३६ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. थंडी आणि अवर्षण सोसणाऱ्या वाणांच्या शोधात त्यांनी वर्षामागून वर्षे घालविली.

परंतु उत्तम बियाणे प्रयोगशाळेच्या कपाटात राहिले, तर त्याचा उपयोग काय? शेतकऱ्याला ते पारखता आले पाहिजे आणि पुढे जपताही आले पाहिजे. म्हणून खानखोजे यांनी टेक्सकोकोच्या परिसरात मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. तेथे शेतकरी दिवसाचे काम आटोपून येत आणि बियाण्यांची निवड कशी करावी, जमिनीची निगा कशी राखावी, हे शिकत. मराठवाड्यातील मुलांना हे ऐकून स्वामी रामानंद तीर्थ यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करण्यापूर्वी स्वामीजींनी हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे शिक्षकाचे काम केले होते. स्वातंत्र्याची लढाई लढणाऱ्या थोर पुरुषांना शिक्षणाचे मोल असे पुरतेपणी उमगलेले असते.

या कृषिशाळांच्या कामात खानखोजे यांना दिएगो रिव्हेरा नावाच्या एका जगप्रसिद्ध चित्रकाराने साथ दिली. रिव्हेरा सरकारी इमारतींच्या भिंतींवर मेक्सिकोच्या श्रमिकांचे जीवन भव्य चित्रांतून रंगवीत असे. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याने आमची भाकरी या अर्थाच्या नावाचे एक चित्र काढले. त्यात एका मेजाभोवती श्रमिक कुटुंबातील माणसे बसली आहेत आणि मध्यभागी बसलेला एक सावळा पुरुष सर्वांना भाकरी वाटून देत आहे. तो पुरुष म्हणजे आपले पांडुरंग खानखोजे. परक्या देशातील एका मोठ्या कलावंताला अन्नदात्याचे चित्र रंगवायचे होते, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वर्ध्याचा हा सुपुत्र उभा राहिला. याहून मोठे मानपत्र कोणते असणार?

१९३६ साली त्यांनी बेल्जियम देशातील एका सुशील महिलेशी विवाह केला. त्यांना दोन कन्या झाल्या. एका मुलीचे नाव त्यांनी सावित्री ठेवले. घरदार झाले, मान मिळाला, मेक्सिकोचे शेतकरी त्यांना आपला माणूस मानू लागले. तरी मनात एक सल होता. ज्या मातीसाठी घर सोडले, ती माती चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांना उघडपणे पाहता आली नव्हती.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. वनवास संपला, असे खानखोजे यांना वाटले असेल. परंतु मायदेशी येण्यासाठी त्यांनी परवाना मागितला, तेव्हा तो नाकारण्यात आला! इंग्रज सरकारने राजद्रोह्यांची जी काळी यादी केली होती, तिच्यात त्यांचे नाव होते आणि ती यादी स्वतंत्र भारताच्या कचेऱ्यांतही तशीच राहिली होती. ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी इराणच्या वाळवंटात रक्त सांडले, त्याच स्वातंत्र्याच्या दारात त्यांना परका म्हणून थांबावे लागले. पुढे ही चूक लक्षात आली आणि ते भारतात आले. तरुणपणी गेलेला मनुष्य केस पिकल्यावर परतला. कालांतराने ते सहकुटुंब नागपुरास स्थायिक झाले आणि तेथेच २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

त्या सुमारास भारतात एक विलक्षण घटना घडत होती. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षांच्या अवर्षणाने देश हवालदिल झाला होता. त्या वेळी भारत सरकारने १८,००० टन गव्हाचे बियाणे परदेशातून आणविले. ते मेक्सिकोतून आले होते. खानखोजे यांच्यानंतर त्या देशात काम करण्यास गेलेल्या नॉर्मन बोरलॉग या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेथे बुटक्या गव्हाची वाणे तयार केली होती. १९६८ साली भारतात गव्हाचे विक्रमी पीक आले. एका मराठी माणसाने ज्या देशाच्या शेतात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्याच देशातून भारताच्या अडचणीच्या वेळी बियाणे यावे, हा योगायोग मनाला चटका लावून जातो. तो सोनेरी हंगाम पाहण्यास मात्र खानखोजे राहिले नव्हते.

महाराष्ट्र त्यांना पुष्कळ वर्षे विसरला. मेक्सिको विसरला नाही. चापिंगोचे ते विद्यालय आज विद्यापीठ झाले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथे खानखोजे यांचा पुतळा उभारण्यात आला आणि भारताच्या लोकसभेचे त्या वेळचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

मुलांनो, नवे वाण शोधण्याचे काम केवळ दूरच्या देशांतच चालते असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे गावरान मालदांडी ज्वारीतून उत्तम ताटांची निवड करून मालदांडी ३५-१ हे वाण तयार करण्यात आले. त्याच्या भाकरीवर मराठवाड्यातील कित्येक घरे वाढली. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने गेल्या शतकाच्या नवव्या दशकात नांदेड-४४ हा संकरित कापूस शेतकऱ्यांच्या हाती दिला. असे संकरित बी तयार करण्यासाठी सायंकाळी कळीतील पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग त्या फुलाला लावावे लागतात. हे नाजूक काम शेतातील स्त्रियाच आपल्या बोटांनी करतात. त्याही आधीपासून आपल्या आजी-पणजी खळ्यावर भरदार कणसे वेगळी काढून, त्यांच्या दाण्यांना राख चोळून पुढल्या वर्षाच्या पेरणीसाठी जपून ठेवीत होत्या. चापिंगोच्या शेतात खानखोजे यांनी जे केले, त्याचा पहिला धडा कोणत्याही मराठी मुलाला आपल्या घरीच मिळू शकतो.

तुमच्या अंगणात झेंडू किंवा शेवंती असेल, तर त्यातील सर्वांत निरोगी आणि टपोरे फुललेले झाड निवडा. त्यावर खूण बांधा. झेंडू असेल तर त्याचे बी वाळवून ठेवा. शेवंती असेल तर तिच्या बुडाशी फुटलेले कोंब वेगळे करून लावा. पुढल्या वर्षी पुन्हा निवडा. पहिल्या वर्षी काही विशेष दिसणार नाही, दुसऱ्याही वर्षी कदाचित दिसणार नाही. त्या वेळी हिरमुसून न जाता पांडुरंग खानखोजे यांना आठवा. त्यांचे बेत मोडले, त्यांचा देश त्यांना दुरावला. परंतु ज्या मातीवर ते उभे राहिले, त्या मातीत त्यांनी दर वर्षी नव्या आशेने बी पेरले. दसऱ्याला दाराशी झेंडूचे तोरण बांधाल, तेव्हा त्या फुलाच्या माहेरी जाऊन तेथील भुकेल्यांसाठी राबलेल्या या मराठी माणसाचे स्मरण अवश्य करा.